इस्टेट एजंटाने वेबसाइट कशी सजवावी

परीक्षा पास झालात, महारेराचं सर्टिफिकेट काचेत लावलंत, सत्यनारायणही झाला. आता वेबसाइट. ती नैतिक असावी, असा आजकाल आग्रह आहे. घाबरू नका, त्याचीही रीत आहे.

आरंभ फोटोपासून करावा. साइटवर सध्या चार पत्रे, एक सिमेंट मिक्सर आणि वाळूच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं असेल, तर हे काही दाखवू नये. निळा स्विमिंग पूल दाखवावा, काठावर फळांचा रस पिणारं गोरं जोडपं. खाली ‘चित्र काल्पनिक’ असं अवश्य लिहावं. करड्या पार्श्वभूमीवर करड्याच अक्षरांत. प्रामाणिकपणा झाला, आणि वाचणाऱ्याला त्रासही नाही.

अंतर मिनिटांत सांगावं. किलोमीटर खोटं बोलू देत नाहीत, मिनिटं मात्र समजूतदार असतात. ‘स्टेशन ५ मिनिटांवर’ हे पहाटे चार वाजता, बाइकवरून, फाटक उघडं असताना खरंच असतं. मेट्रो, उड्डाणपूल, १८ मीटरचा डीपी रोड यांच्यामागे ‘प्रस्तावित’ हा शब्द बारीक टाकावा. त्या शब्दावर कित्येकांची घरं उभी आहेत, म्हणजे एजंटांची.

क्षेत्रफळ हा नाजूक विषय. २०१६ च्या रेरा कायद्याला कार्पेटच हवा: बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी वगळून, आतल्या भिंती धरून. पण ४०० कार्पेट म्हटलं की गिऱ्हाईक सोफ्याची लांबी आठवू लागतं. त्यापेक्षा फोनवर ‘सेलेबल ६५०’ म्हणावं. त्याने लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेली भर, किती विचारलं, तर लिफ्टमध्ये सिग्नल जात असल्याचं कळवावं.

आता गळ. बाजारभावाच्या पाऊणपटीत एक सुरेख टू बीएचके टाकावा, ‘थेट मालकाकडून, नो ब्रोकरेज’. फोन येईल. ‘अरेरे, सर, काल संध्याकाळीच टोकन झालं! पण शेजारच्याच बिल्डिंगमध्ये एक आहे, बजेट जरा वर न्यावं लागेल. वहिनींना घेऊन रविवारी येता का?’ तो फ्लॅट वर्षभर रोज संध्याकाळी जातो आणि रोज सकाळी परत येतो. मी स्वतः त्याच्यासाठी तीनदा फोन केला आहे. तिन्ही वेळा कालच गेला होता.

राहता राहिला प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक. जाहिरातीत तो आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक हवा, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. ‘लवकरच लाँच’, ‘फक्त इच्छुकांची नोंद’ म्हणत नोंदणीआधीच टोकन घेण्याची चाल जुनी आहे. पण नोंदणी लागणारा प्रकल्प नोंदणीशिवाय विकायला काढला, तर एजंटाला दिवसाला १०,००० रुपये, वाढत वाढत घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. एवढं कमिशन कोण देतो?

शेवटची सूचना गिऱ्हाइकासाठी आहे, एजंटांनी कृपया पान उलटावं. टोकन देण्याआधी कोड स्कॅन करा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. खोट्या जाहिरातीवर भरवसा ठेवून पैसे भरले असतील, तर कलम १२ नुसार ते बिल्डरकडून व्याजासह परत मागता येतात.