पदविकेला वाली कोण?

हृदयाच्या डॉक्टरला कुणी उद्यापासून डोळ्यांच्या विभागात ड्युटी लावत नाही. सिस्टरला लावतात. आठ वर्षं अतिदक्षता विभागात काढलेली, व्हेंटिलेटरचा आवाज ऐकून कुठली नळी निसटली हे ओळखणारी अधिपरिचारिका सोमवारी रोटेशनच्या यादीत येते आणि मंगळवारी बाह्यरुग्ण विभागात केसपेपर सांभाळते. तिच्या जागी येणारी कालपर्यंत प्रसूती कक्षात होती. ती हुशार असेल, कष्टाळूही असेल. पण त्या रात्री खाट क्रमांक तीनवरच्या माणसाला हुशारीपेक्षा सराव हवा असतो.

हे बदलायचं साधन आपल्याकडे आहे. भारतीय परिचर्या परिषदेने, म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलने, नोंदणीकृत नर्सेससाठी एक वर्षाच्या विशेष पदविका कधीच आखून ठेवल्या आहेत. अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, शस्त्रक्रियागृह, आणीबाणी व आपत्ती, मानसिक आरोग्य, मेंदू व मज्जासंस्था, भाजलेले रुग्ण, वृद्धसेवा. अतिदक्षतेसाठी तर दोन वर्षांचा पदव्युत्तर नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आहे. अभ्यासक्रम चांगले आहेत, प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या कामावर भर देणारे आहेत.

आणि पदविका घेऊन सिस्टर परत आली की काय होतं? सेवापुस्तकात एक नोंद. सरकारी आकृतिबंधात बहुतेक ठिकाणी पद एकच, अधिपरिचारिका. त्या पदाला विभाग नाही, विषय नाही, वेगळा पगार नाही. खासगी रुग्णालयात मॅनेजमेंट खूश होते, कारण मान्यतेच्या तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवायला एक नाव मिळतं. पुढची बदली मात्र ठरल्या दिवशी होते.

आता हा प्रश्न कुणी लावून धरायचा? रुग्ण धरणार नाहीत, त्यांना आपल्या उशाशी उभी असलेली सिस्टर कशात शिकलेली आहे हे माहीतच नसतं. रुग्णालयं धरणार नाहीत, त्यांना कुठल्याही विभागात कुणालाही लावता येणं सोयीचं आहे. सरकारने धरावा हे म्हणणं सोपं, पण सरकार मागितल्याशिवाय देत नाही. उरते ती नर्सेसची संघटना. माझं सगळं म्हणणं तिच्याशीच आहे.

ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया १९०८ ची. देशातल्या फार थोड्या व्यावसायिक संघटना तिच्याइतक्या जुन्या असतील. नर्सिंगची रीतसर नोंदणी व्हावी, कायदा व्हावा म्हणून या संघटनेने झटून काम केलं आणि १९४७ मध्ये परिषदेचा कायदा आला. कुणीही पांढरा पोशाख घालून नर्स म्हणवून घेण्याचे दिवस त्या पिढीने संपवले. पात्रतेची रेघ आखून घेणं हे संघटनेचं काम आहे, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आज महाराष्ट्रात संघटना कशासाठी रस्त्यावर येतात? २०२२ च्या मे महिन्यात सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा मुख्य मागण्या होत्या बाह्यस्रोतांमार्फत भरती नको आणि केंद्राप्रमाणे भत्ते द्या. दोन्ही मागण्या शंभर टक्के रास्त. कंत्राटावर नेमलेली नर्स टिकत नाही, आणि टिकत नाही तिथे नैपुण्य तयार होत नाही. पण त्याच निवेदनाच्या पहिल्या पानावर, भत्त्याच्या शेजारी, हेही हवं होतं: पदविकाधारक सिस्टरला तिच्या संमतीशिवाय तिच्या विशेष विभागातून हलवू नका, आणि तिला त्या पदविकेची वेतनवाढ द्या. भत्ता सर्वांचा असतो म्हणून त्यावर गर्दी जमते. पदविका मोजक्यांची असते म्हणून ती मागे राहते. गर्दी जमत नाही अशी मागणी पुढे रेटणं, हीच तर संघटनेची परीक्षा.

नवजात शिशूंच्या कक्षाचंच बघा. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन लावलेला असतो. त्याच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या पट्ट्यात ठेवायची असते. कमी पडली तर जीव जातो. जास्त झाली तर बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि ते आंधळं होऊ शकतं. नवख्या माणसाला मॉनिटरवर ९९ दिसलं की बरं वाटतं. शिकलेली सिस्टर ९९ बघून ऑक्सिजन कमी करते. तो निर्णय ती पाळीभर घेत असते, डॉक्टर शेजारी नसताना. सरकारी नवजात कक्षांसाठीच्या मार्गदर्शक सूचनाही प्रशिक्षित नर्सेसना तिथून फिरवू नका असंच सांगतात. सूचना कागदावर राहतात, कारण त्या मोडल्या तर विचारणारं कुणी नसतं.

कर्करोगाच्या वॉर्डातही तेच. डॉक्सोरुबिसिनसारखं औषध शिरेतून बाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जाळून टाकतं. व्हिन्क्रिस्टिन शिरेतून द्यायचं औषध, ते चुकून पाठीच्या मणक्यात दिलं गेलं तर बहुतेक वेळा रुग्ण दगावतो. सलाईनची जागा किंचित सुजली आहे हे पहिल्यांदा कुणाला दिसतं? सिस्टरला. तिला ती सूज कशाची आहे हे कळलं पाहिजे, आणि कळतं याची खात्री रुग्णालयाबाहेरच्या कुणीतरी करून घेतलेली असली पाहिजे.

अमेरिकेतल्या नर्सेसनी हे कसं केलं ते सांगण्यासारखं आहे, कारण तिथेही कुणी ताटात वाढलं नाही. भूल देण्याचं काम तिथे बराच काळ नर्सेस करत होत्या. डॉक्टरांना ते खुपलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. कॅलिफोर्नियात डॅग्मार नेल्सन या नर्सविरुद्ध भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी खटला लढवला. १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल तिच्या बाजूने दिला. तोवर अगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने भूल देणाऱ्या नर्सेसची संघटना १९३१ मध्ये उभी राहिली होती. कोर्टात जिंकल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. प्रशिक्षणाचे निकष ठरवत गेल्या आणि १९४५ मध्ये प्रमाणपत्राची परीक्षा सुरू केली. आपल्या व्यवसायात कोण शिरेल हे आपण ठरवू, हे त्यांनी परीक्षेच्या रूपाने सांगितलं.

अतिदक्षता नर्सेसची तिथली संघटना १९६९ ची. १९७५ मध्ये तिने प्रमाणपत्रासाठी वेगळी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी पहिली परीक्षा झाली. सीसीआरएन नावाचं ते प्रमाणपत्र आजही चालतं. परीक्षेला बसण्याचा एक नेहमीचा मार्ग म्हणजे दोन वर्षांत गंभीर रुग्णांची प्रत्यक्ष सेवा १७५० तास केलेली असणं. प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं, मग पुन्हा पात्रता दाखवावी लागते. आपली पदविका एकदा मिळाली की जन्मभर पुरते, मग बाई पंधरा वर्षं त्या वॉर्डात फिरकली नसली तरी. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

वेगळी संस्था का काढली, याकडे आपल्या पुढाऱ्यांनी नीट बघावं. सभासदांची बाजू घेणारी संघटना आणि सभासदांना नापास करणारं मंडळ एकाच टेबलावर बसू शकत नाही. जी संस्था तयारीचे वर्ग विकते तिनेच पेपर काढला तर निकालावर विश्वास कोण ठेवणार? संघटनेने परीक्षेला जन्म द्यावा, पैसे उभे करावेत, तिचा आग्रह धरावा आणि मग तिच्यावरचा हात काढून घ्यावा. आपल्याकडे दोन दिवसांची परिषद, बॅग, जेवण आणि सीएनईचे, म्हणजे निरंतर परिचर्या शिक्षणाचे, तास यालाच नैपुण्य म्हणण्याची सवय लागत चालली आहे. शेवटच्या सत्रापर्यंत बसलेल्या आणि सही करून निघून गेलेल्या अशा दोघींनाही तास सारखेच मिळत असतील, तर त्या तासांतून रुग्णाच्या वाट्याला काहीच येत नाही.

प्रमाणपत्राने चमत्कार होतो असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या सहाशेहून अधिक रुग्णालयांचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पदवीधर आणि विशेष प्रमाणपत्रधारक अशा नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त असेल, तिथे शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता दोन टक्क्यांनी कमी आढळली. पण पदवी नसताना नुसतं प्रमाणपत्र असलेल्यांच्या बाबतीत तो फरक दिसला नाही. पाया कच्चा असेल तर वरच्या कागदाने काही होत नाही, असा मी याचा अर्थ लावते. आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांची अवस्था ज्यांना माहीत आहे त्यांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा. विशेष प्रमाणपत्राची मागणी करणाऱ्या संघटनेला मूळ शिक्षणाच्या दर्जाबद्दलही तितक्याच मोठ्या आवाजात बोलावं लागेल, अगदी संस्थाचालक दुखावले तरी.

संघटना या विषयावर थंड का, याचं खरं कारण आतच आहे. बढती ज्येष्ठतेवर मिळते आणि बहुसंख्य सभासदांना ती तशीच हवी आहे. दुसरं, रोटेशन ही नर्सेसनीच न्याय म्हणून मागून घेतलेली गोष्ट आहे. जळीत वॉर्डात एकच बाई वर्षानुवर्षं का खपावी, अतिदक्षतेच्या रात्रपाळ्या एकीनेच का कराव्यात, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्या सिस्टरला मी स्वार्थी म्हणणार नाही. तिथे अडकून पडण्याचा मोबदला शून्य, म्हणून सगळ्यांना तिथून सुटका हवी असते. त्या वॉर्डात राहण्याला पैसे, पद आणि स्वतःची निवड मिळाली, तर तिथे राहायला तयार होणाऱ्या बायका आणि ब्रदर्स नक्की निघतील. ज्येष्ठतेच्या शिडीशेजारी नैपुण्याची दुसरी शिडी उभी करायला कुणाची ज्येष्ठता हिरावून घ्यावी लागत नाही.

वेळही आत्ताचीच आहे. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला. कायदा नवा असला की त्याखालचे नियमही नव्याने लिहावे लागतात. ते लिहिले जात असताना विशेष नैपुण्याची वेगळी नोंद, तिचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण आणि त्यानुसार पदं, या तीन गोष्टी कुणीतरी मसुद्यात घालून द्यायला हव्यात. डॉक्टरांच्या विशेष शाखांच्या संघटना आपापले मसुदे घेऊन मंत्रालयात जातात, तसंच नर्सेसच्या संघटनांनीही जावं. निवेदन मराठीत असावं, त्याला हिशोब जोडलेला असावा आणि तो घेऊन जाणाऱ्यांत वॉर्डात काम करणारी किमान एक पदविकाधारक सिस्टर असावी.

परीक्षेतले प्रश्नही आपल्या वॉर्डातले हवेत. अमेरिकेतली प्रश्नपत्रिका आणून चालणार नाही. अतिदक्षतेत एका रुग्णामागे एक नर्स हा मापदंड आपल्याकडेही आहे, पण तीन व्हेंटिलेटर एकटीने सांभाळणाऱ्या सिस्टरला विचारायचा प्रश्न वेगळा असतो. पहाटे तीनला प्रयोगशाळा बंद आहे, निवासी डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर अडकले आहेत, आधी कुणाकडे जाल आणि का? हे जिला सांगता येतं तिला उत्तीर्ण करा.

आणि फी. खासगी रुग्णालयांत नर्सेसची मूळ कागदपत्रं बॉण्डपोटी अडकवून ठेवली जातात, ही तक्रार त्यांच्या आंदोलनांत पुन्हा पुन्हा आली आहे. तेव्हा संघटनेने आजच लिहून घ्यावं: परीक्षेची फी रुग्णालय भरेल, अभ्यासाची रजा पगारी असेल आणि मिळालेलं प्रमाणपत्र सिस्टरच्या स्वतःच्या घरी राहील.