टेंडरचा निळा

वाफेच्या इंजिनाचं नवं मॉडेल जाहीर झालं की आमच्या काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “वाट लावली!” काय वाट लावली हे त्यांना स्वतःलाही अजून कळलेलं नसतं. मोबाइलवर फोटो अर्धाच उतरलेला असतो, चिमणीच्या मागचं काही दिसत नसतं. पण जाणकारानं आधी खूश व्हायचं नाही, हा या पंथाचा पहिला नियम. खूश होतात ती लहान मुलं. काका तर सरकारी नोकरीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली.

परवा पुन्हा एकदा ‘मॅलार्ड’ जाहीर झालं. 3 जुलै 1938 रोजी ताशी 126 मैलांचा, म्हणजे 203 किलोमीटरचा वेग गाठणारं हे निळं इंग्रजी इंजिन. वाफेच्या इंजिनांत तो विक्रम आजही अबाधित आहे. असली मॉडेलं काढणाऱ्या कंपन्या दोन-चार वर्षांनी त्याला नवा साज चढवून बाजारात आणतातच. या वेळची कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण काकांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आहे.

फोटो पूर्ण उतरला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकापाशी नेला, मग हात लांब करून पाहिला, मग स्क्रीनचा उजेड वाढवला. दोन बोटांनी चित्र ताणत ताणत ते इंजिनावरून मागच्या कोळशाच्या टेंडरवर आले आणि थांबले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. चूक सापडली होती.

“टेंडरचा निळा बघ. आणि इंजिनाचा बघ. एक आहे का?”

मला एकच दिसत होता. काकूंनाही. काकूंनी आयुष्यभर साड्या घेतल्या आहेत, निळ्यातला फरक त्यांना काकांपेक्षा जास्त कळतो, पण त्यांचं मत ग्राह्य धरलं गेलं नाही. खरं मॅलार्ड इंग्लंडात, यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. काका आयुष्यात कधी यॉर्कला गेलेले नाहीत. कोथरूडच्या गॅलरीत बसून, सहा इंची काचेवर, ते त्या निळ्याची साक्ष काढत होते.

मग फोन सुरू झाले. या मंडळींचा गोतावळा मोठा नाही, पण आवाज मोठा असतो. एक जण नाशिकचा. तो म्हणतो, “आधीचंच मॉडेल बरं होतं.” आधीचं आलं तेव्हा त्याआधीचं बरं होतं. दुसरा ठाण्याचा, तो विकत काहीच घेत नाही, फक्त किमती ऐकून ‘लूट आहे ही’ म्हणतो आणि कृतार्थ होतो. तिसरा मॉडेल घेतो आणि खोक्यातून बाहेर काढत नाही. खोकं फाटलं की किंमत उतरते म्हणे. त्याच्याकडे कपाटभर इंजिनं आहेत आणि त्यांतलं एकही त्यानं चालताना पाहिलेलं नाही. काका त्याची कीव करतात. स्वतः मात्र आवडलेलं प्रत्येक इंजिन दोन घेतात, एक चालवायला आणि एक खोक्यात.

थोडक्यात, ही सगळी लग्नातली मुलाकडची माणसं. मांडवाला नावं ठेवायची, जिलबीला नावं ठेवायची आणि पंगतीला दोनदा बसायचं.

पैशाचा विषय निघाला की काका अचानक स्वदेशी होतात. आपल्या सरकारनं खेळण्यांवरची आयात जकात 2020 साली 20 टक्क्यांवरून थेट 60 वर नेली आणि 2023 साली 70 वर. रेल्वेची मॉडेलंही त्याच खात्यात मोडतात. देशी खेळण्यांना उत्तेजन मिळावं हा त्यामागचा हेतू काकांना तत्त्वतः मान्य आहे. त्यांचं दुखणं वेगळंच. “अरे, पण हे खेळणं नाहीये!” गेली तीस-चाळीस वर्षं काकू त्याला खेळणंच म्हणत आल्या. आता भारत सरकारही त्यांच्या बाजूनं उभं राहिलं, हा घाव जकातीपेक्षा खोल आहे.

काकांनी एकदा मला गेजचं गणित समजावून सांगितलं. खरंच सांगतो, त्यात मजा आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर रुंद. 1:87 या मापात मॉडेल केलं तर रूळ 19 मिलिमीटरहून थोडा जास्त रुंद हवा. बाजारात मिळतो साडेसोळाचा, कारण तो परदेशातल्या 1435 मिलिमीटरच्या रुळाचं माप धरून बनवलेला. म्हणजे आपलं डब्ल्यूपी, ते गोल नाकाचं आणि नाकावर चांदणी असलेलं इंजिन, त्या रुळावर ठेवलं तर चाकं पोटात घ्यावी लागतात. इंग्रजांची तर आणखी गंमत. ते इंजिन करतात 1:76 मापाचं आणि चालवतात त्याच साडेसोळाच्या रुळावर! कित्येक दशकं त्यांची गाडी अशी चुकीच्या रुळावर धावते आहे आणि कुणाला खंत नाही. हे सांगताना काकांच्या डोळ्यांत जी चमक येते ती स्वातंत्र्यसैनिकाची असते.

काकांची सासुरवाडी हिवरे बाजारची. नगरपासून सोळा-सतरा किलोमीटर, डोंगराच्या कुशीत, गावाला रेल्वे नाही. या एका कारणासाठी काकांनी लग्नाआधी स्थळ नाकारायचा विचार केला होता, असं काकू सांगतात. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून या गावानं कात कशी टाकली हे महाराष्ट्राला पाठ आहे : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाचं गाव, पण दर वर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात. पिण्याला किती, जनावरांना किती, शेतीला किती हे ठरवतात आणि मगच पिकाचं बोलतात. शेतीसाठी बोअरवेल नाही, उसाचा हट्ट नाही. काकूंनी तोच ताळेबंद कोथरूडच्या घरात आणला. पेन्शन किती, औषधांना किती, किराण्याला किती. ताळेबंदात इंजिन हे उसाच्या रकान्यात. बंद्यांच्या यादीत इंजिनबंदीची भर घालायचा त्यांचा प्रयत्न मात्र दर वेळी कोरमअभावी फसतो, कारण घरात दोनच सभासद आणि त्यांतला एक उठून जातो.

मागच्या दिवाळीत आम्ही हिवरे बाजारला गेलो होतो. पोरं गावातले बांध बघायला गेली आणि काका ओट्यावर सासऱ्यांना मोबाइलवर इंजिनं दाखवत बसले. सासरे ऐंशीच्या पुढचे. त्यांनी डब्ल्यूजी जातीचं मालगाडीचं इंजिन नीट पाहिलं. चित्तरंजनला ही इंजिनं शेकड्यांनी बनली आणि 1970 साली शेवटचं बाहेर पडलं, त्याचं नाव ‘अंतिम सितारा’, वगैरे काकांचं चालू होतं. म्हाताऱ्यानं मध्येच विचारलं,

“पाव्हणं, ह्ये इंजान पानी किती पितंय?”

काका खुलले. इतक्या वर्षांत सासऱ्यांनी पहिल्यांदा मुद्द्याचं विचारलं होतं. “टेंडरमध्ये पाच हजार गॅलन मावतं, मामा. बावीस हजार लिटर धरा.”

सासऱ्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “माणशी पंचावन लिटर धरलं तर चारशे मान्सांचं येका दिवसाचं पानी.” थोडं थांबून, “आन मंग? नगरापून मनमाडापर्यंत पुरतंय का?”

“वाटेत भरावं लागतं.”

“बंद झाली ते बरं झालं,” म्हातारा म्हणाला आणि तंबाखूबिंबाखू काही नाही, नुसताच पाणी पिऊन आत गेला.

काका त्या रात्री जेवले नाहीत असं नाही, पण कमी जेवले. नगरवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 पासून आहे. लहानपणी नगर स्टेशनावर त्याच इंजिनाच्या वाफेत उभं राहून त्यांनी हा रोग लावून घेतला होता.

आता खरी गोष्ट सांगतो. काकांचा राग टेंडरच्या निळ्यावर नाहीच. राग याचा, की इंग्रजाचं इंजिन दोन-चार वर्षांनी नव्यानं जन्म घेतं आणि आपल्या इंजिनाचं हवं तसं मॉडेल त्यांच्या हाती कधी लागलं नाही. कोथरूडलाच भाऊसाहेब जोशींनी 1998 साली उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथं काका नातवाला ‘दाखवायला’ नेतात. नातू आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि यायला तयार नसतो, तरी नेतात. घरी परतताना विषय एकच. बार्शी लाइट.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं 1897 साली सुरू केलेली ती अडीच फुटी गाडी पुढं लातूर, पंढरपूर, मिरजेपर्यंत गेली. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही हा त्यानं घातलेला दंडक, म्हणून हलके रूळ पुरले. लीड्सच्या किटसन कंपनीनं तिच्यासाठी आठ जोडचाकांची इंजिनं बनवून पाठवली. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. पण गणित करून बघा. 762 मिलिमीटरला 87 नं भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ जगातल्या कुठल्याही मॉडेलच्या दुकानात तयार मिळतो. पोटात चाकं घ्यायला नकोत, इंग्रजासारखी लबाडी नको.

तेव्हा एखादा कारखानदार हे वाचत असेल तर त्याला विनंती आहे. बार्शी लाइटचं किटसन इंजिन काढा. पुण्यात काढलंत तर जकातही लागायची नाही. चिमणी बारीक झाली, शिट्टी डावीकडे हवी होती, काळा हा तो काळा नव्हे, असं काका पहिल्या दिवशी गावभर सांगतील. तिकडे लक्ष देऊ नका. त्यांची दोन नगांची ऑर्डर धरून चाला.