डॅशबोर्डकाका

आमच्या सोसायटीत नवी गाडी आली की क्रम ठरलेला असतो. आधी लिंबू, मग नारळ, मग पेढे आणि मग डॅशबोर्डकाका. पहिल्या तीन गोष्टी मालक आणतो. चौथी आपोआप येते.

काकांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं, तेवढंच. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही. म्हणजे होती, प्रीमियर पद्मिनी. तिला ते आजही फियाटच म्हणतात. ती विकल्याला वीसेक वर्षं झाली. त्यानंतर गाडी घेतली नाही, पण बसले मात्र सगळ्यांच्या गाड्यांत. रंग, चाकं, 'एका चार्जिंगमध्ये किती जाते' असले प्रश्न विचारणाऱ्यांना ते बघ्यांत काढतात. "बाहेरची गाडी लोकांसाठी असते रे. आपण राहतो आत," असं म्हणून दार उघडतात, चपला खाली काढतात आणि आत बसतात. देवळात चपला बाहेर काढताना मी त्यांना इतक्या मनोभावे वाकलेलं पाहिलेलं नाही.

बोलण्याचा अधिकार त्यांना टेकडीने दिला आहे. काका रोज सकाळी एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातात. जिच्यावरून टेकडीला हे नाव पडलं ती संस्था १९६६ सालची. देशभरातल्या गाड्यांची तिथे तपासणी होते. काकांचा तिच्याशी संबंध कुंपणाच्या बाहेरून चालण्यापुरता. पण तीस वर्षं रोज कुंपणाकडेने चाललं की थोडंफार बाहेर झिरपतंच, असं त्यांचं म्हणणं.

तर ४०३ मधल्या मुलाने इलेक्ट्रिक एसयूव्ही आणली त्या रविवारची गोष्ट. महिंद्रची एक्सईव्ही नाइन-ई. २६ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत तिचं आणि तिच्या बहिणीचं, बीई सिक्सचं, अनावरण झालं, तेव्हापासून हा मुलगा तिचे व्हिडिओ बघत जेवतो, अशी त्याच्या आईची तक्रार. पुढे फेब्रुवारीत बुकिंग उघडलं त्या पहिल्याच दिवशी दोन्ही गाड्यांना मिळून ३०,१७९ मागण्या आल्या, त्यातली एक आमच्या बी विंगमधून गेलेली. गाडी बनते चाकणला. काकांना तिथूनच खटकायला लागलं. "मुलगी चाकणची आणि लग्न चेन्नईत?"

सारसबागेच्या गणपतीसमोर पूजा करून गाडी पार्किंगमध्ये शिरली. हार अजून बॉनेटवर होता. काका पुढच्या डाव्या सीटवर बसले, दार लावून घेतलं आणि दोन मिनिटं नुसते बसून राहिले. आम्ही सगळे बाहेर उभे. काचेतून दिसत होतं, काका वास घेत होते.

मग काच खाली आली. "तीन टीव्ही आहेत," काकांनी जाहीर केलं.

आहेत खरे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका रांगेत तीन स्क्रीन: एक चालवणाऱ्याचा, एक मधला, एक शेजारी बसणाऱ्याचा. प्रत्येकी १२.३ इंची. काकांनी खिशातून टेप काढली (ती सतत असते, बँकेत जातानासुद्धा), मधल्या स्क्रीनवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धरली आणि चष्मा वर करून वाचलं, "एकतीस सेंटीमीटर आणि वर दोन रेघा. बरोबर आहे."

"काका, माहितीपत्रकात लिहिलंय ते," ४०३ म्हणाला.

"फ्लॅटच्या माहितीपत्रकातही हजार स्क्वेअर फूट लिहिलं होतं."

यावर सोसायटीतल्या कुणालाच बोलता आलं नाही.

पुढचा मुद्दा गणपतीचा. फियाटचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. लोहचुंबकाचा गणपती टेकवला की खंडाळ्याच्या घाटातसुद्धा हलायचा नाही. आता सगळं प्लॅस्टिक, आणि जिथे सपाट जागा मिळायची तिथे स्क्रीन. काकांनी ४०३ च्या हातातली इवलीशी मूर्ती घेऊन पाच ठिकाणी धरून पाहिली. इथे स्क्रीन झाकतोय, इथे एअरबॅग उघडेल, इथे पाठ येते. "स्टिअरिंगवर कंपनीने स्वतःचं चिन्ह मात्र दिवा लावून बसवलंय," ते म्हणाले, "देवाला जागा नाही." मूर्ती सध्या कप ठेवायच्या खळग्यात आहे. त्यामुळे ४०३ गाडीत चहा पीत नाही.

चकचकीत काळ्या प्लॅस्टिकला पियानो ब्लॅक म्हणतात, हे ४०३ ने सांगितलं ती त्याची चूक. "कोथरूडमध्ये पियानो किती घरांत आहे? पेटी ब्लॅक म्हण," असं म्हणून काकांनी त्यावर तर्जनी टेकवली आणि उचलली. ठसा असा उमटला की आधार कार्ड निघालं असतं. ४०३ च्या बायकोने न बोलता पर्समधून मऊ फडकं काढलं आणि पुसलं. काकांनी पुन्हा बोट टेकवलं. तिने पुन्हा पुसलं. हे चार वेळा झालं. शेवटी त्यांनी मान डोलावली. बहुधा दोघांनाही पास केलं असावं.

काचेच्या छतावर ते फार बोलले नाहीत. पार्किंगवरच्या बदामाच्या झाडाकडे एकदा पाहिलं, झाडावरच्या कावळ्यांकडे पाहिलं आणि "सगळं दिसेल," एवढंच म्हणाले. गाडीतले सूचनांचे आवाज ए. आर. रहमानने केलेत हे ऐकल्यावर मात्र काळजीत पडले. "पट्टा लावला नाही तर रहमान ऐकू येणार? मग लावेल कोण?"

बीई सिक्सबद्दल त्यांचं मत आधीच तयार होतं, कारण खराडीच्या भाच्याकडे ती आहे. तिचा आतला भाग लढाऊ विमानासारखा, दारांना आतून कापडी पट्टे, गियरचा दांडा विमानाच्या थ्रॉटलसारखा. "इतकं विमान केलं की विमानवाले खरंच आले," काका सांगतात. यात अतिशयोक्ती नाही. गाडीचं मूळ नाव बीई सिक्स-ई. सिक्स-ई हा इंडिगोच्या विमानांचा कोड. इंडिगो कोर्टात गेली आणि महिंद्रने 'ई' गाळला. पुण्यात नावावरून भांडणं कमी होत नाहीत, पण एका अक्षरावरून कोर्टापर्यंत गेलेलं हे काकांच्या पाहण्यातलं पहिलंच.

एवढ्यात काकू खाली आल्या. त्यांनी शेजारच्या सीटसमोरचा स्क्रीन पाहिला. यावर सिनेमा बघता येतो, हेही ऐकून घेतलं. "मी सिनेमा बघत बसले तर यांना 'हळू चालवा' कोण म्हणणार?" असं विचारलं आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, "आणि मंडईतली पिशवी कुठे ठेवायची?" कारखान्यातल्या सगळ्या डिझायनरांनी काकूंना एकदा पेढे न्यावेत असं मला वाटतं. फियाटमध्ये पुढे सोफ्यासारखी सलग सीट होती, गियर स्टिअरिंगच्या दांड्याला. मधे पिशवी, कलिंगड, प्रसंगी भाचासुद्धा मावायचा.

इथवर काका म्हणजे करमणूक. गंमत पुढे आहे. ४०३ ने एसी कमी करायला स्क्रीनवर बोट ठेवलं तेव्हा काकांनी पाकिटातून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप नावाची संस्था आहे. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि मदतीची हाक ही पाच कामं हाताला लागणाऱ्या खऱ्या बटणांनी होत नसतील, तर २०२६ पासून ती गुण कापणार. "या पाचांत एसी नाही," ४०३ म्हणाला. काका म्हणाले, "त्यांच्याकडे एप्रिल नाही."

मग त्यांनी बटणं का गेली ते सांगितलं, आणि तेव्हा त्यांचा आवाज बदलला. काकांनी एकतीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत प्लॅस्टिक मोल्डिंगच्या एका शॉपमध्ये काढली आहेत. एक बटण म्हणजे एक मोल्ड, मोल्ड म्हणजे पोलाद, महिनोन्‌महिने आणि पैसे. वर प्रत्येक बटणाला वायर, वायरीला क्लिप. स्क्रीन एकदा बसवला की पुढची सगळी बटणं म्हणजे नुसती चित्रं. ती उद्या बदलता येतात, परवा विकता येतात. "चित्राला फ्लॅश येत नाही," ते म्हणाले. मोल्डच्या दोन भागांच्या फटीतून प्लॅस्टिकचा जो पातळ पापुद्रा बाहेर येतो तो फ्लॅश. काकांची सगळी नोकरी त्या पापुद्र्यामागे गेली. इंडिका आली १९९८ ला. तेव्हा टाटा मोटर्सला सगळं पुणं टेल्को म्हणायचं, काका अजून म्हणतात. गाडीच्या डिझाइनचं कौतुक सगळ्यांनी केलं, पण रात्रपाळीत तिच्या प्लॅस्टिकच्या कडा तासणारं कुणी कुणाला दिसलं नाही, असं ते एकदा बोलून गेले होते. मी तेव्हा फारसं लक्ष दिलं नव्हतं.

आता ते डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने टकटक करत डावीकडून उजवीकडे सरकले. कलिंगड घेताना करतात तशी. टकटकीगणिक थांबत होते. दोन तुकडे जुळतात तिथल्या फटीत नखाची कड घातली आणि नख शेवटपर्यंत ओढलं. कुठे अडकलं नाही. दाराच्या खिशात हात घातला, सीटच्या रुळाखाली घातला, उजेडात तिरकं पाहून कुठे सिंक मार्क, म्हणजे प्लॅस्टिक आत बसल्याचा खळगा दिसतो का ते शोधलं. दर्शनी भाग कुणीही गुळगुळीत करेल, त्यांचं म्हणणं. माल कसा झालाय ते पाठीमागून कळतं. पंधरा मिनिटं झाली. काही सापडेना. काकांचा चेहरा पडत गेला, म्हणजे मला तरी तसा वाटला. बाहेर आले, चपला घातल्या, पेढा घेतला. दुसरा पुढे केला तर नको म्हणाले.

"कशी आहे, काका?" ४०३ च्या बायकोने विचारलं.

"बघू," असं म्हणून ते जिना चढून गेले. लिफ्ट चालू असताना.

रात्री साडेदहाला ४०३ ची बेल वाजली. काकांना किल्ली हवी होती. ग्लोव्ह बॉक्सच्या आतली बाजू बघायची राहिली होती. दहा मिनिटांनी मी कचऱ्याची बादली घेऊन खाली गेलो, तर गाडीचं डावं दार सताड उघडं, बाहेर फक्त दोन पावलं आणि जवळच ओळीत ठेवलेल्या चपला. वॉचमन खाली वाकून आत बघत होता. काका डॅशबोर्डच्या खाली आडवे झाले होते आणि एका हाताने काहीतरी चाचपत होते.

"अरे बॅटरी धर जरा!" आतून आवाज आला. "हलते आहे!"

जिन्यावरून धाडधाड पावलं वाजली. ४०३ अनवाणी, हातात टॉवेल. एकोणऐंशी किलोवॅट-अवरची बॅटरी, सात वर्षांचं कर्ज आणि पहिलाच दिवस, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "बॅटरीला काय झालं काका?"

"हिची नाही रे, हातातली," काका डोकं बाहेर न काढता म्हणाले. "याला धरता येत नाहीये. तू ये. आणि डावीकडे धर."