अडला हरी ब्रेमेनला

माझं नाव श्रीहरी. मराठी घरात मुलाचं नाव हरी ठेवलं की त्याला जन्मभर एक गाढव सांभाळावं लागतं, हे आमच्या वडिलांच्या लक्षात आलं नसावं. चौथीत गुरुजींनी फळ्यावर ‘अडला हरी’ एवढंच लिहिलं आणि ‘पुढचं कोण पूर्ण करेल?’ म्हणून विचारलं, तर अख्खा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. पुढे छत्तीस वर्षं सरकारी नोकरी झाली. तिथे ती म्हण नुसती ऐकून भागलं नाही, आचरणात आणावी लागली. कुणाचे पाय धरले ते सांगत नाही. त्यातल्या काहींच्या सह्या अजून माझ्या पेन्शनच्या कागदांवर लागतात.

त्यामुळे जर्मनीत ब्रेमेनला नोकरी करणारी आमची कन्या फोनवर म्हणाली, “बाबा, इथे टाउन हॉलच्या बाजूला गाढवाचे पाय धरले की इच्छा पूर्ण होते,” तेव्हा लेकसुद्धा आईच्या पक्षात गेली असंच मला वाटलं.

मे महिन्यात आम्ही दोघं गेलो. पहिल्याच सकाळी मुलीने बाजारचौकात नेऊन उभं केलं. समोर राटहाउस, म्हणजे त्यांचा टाउन हॉल. १४०५ ते १४१० या पाच वर्षांत बांधला. दोनशे वर्षांनी तो जुनाट वाटायला लागला, म्हणून ल्युडर फॉन बेंटहाइम नावाच्या गवंड्याने त्याला नवा दर्शनी भाग चढवला. कमानी, कठडे, पुतळे, मासे, देवता. दगडाची एक वीत मोकळी सोडलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले, पण ही इमारत वाचली. २००४ साली ती युनेस्कोच्या यादीत गेली, आणि गंमत म्हणजे महापौरांचं कामकाज अजून तिथूनच चालतं. आमच्या ऑफिसची नवी इमारत सहाव्या पावसाळ्यात गळायला लागली होती. सहाशे वर्षं जुन्या सरकारी छपराकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिलो असेन, कारण मुलीने विचारलं, “मान दुखतेय का?”

वरच्या मजल्यावर चाळीसेक मीटर लांबीचा दिवाणखाना आहे. छताला जुन्या लढाऊ जहाजांच्या मोठाल्या प्रतिकृती टांगल्या आहेत. वाटाड्या व्यापारी, हान्सा संघ, समुद्री चाचे असं बरंच सांगत होता. हिने मला कोपराने ढोसलं. “शिडांवरची धूळ कशी पुसत असतील हो?” मी म्हटलं, विचार. तिने विचारायला लावलं. मुलीने जर्मनमध्ये विचारलं आणि वाटाड्या पहिल्यांदा अडखळला.

खाली तळघरात राट्सकेलर. तिथे फक्त जर्मन वाइन मिळते आणि एका पिंपात १६५३ सालची वाइन अजून आहे. १६५३! म्हणजे शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून एकवीस वर्षं होती. हिचं मत पडलं की मुरू द्यावं, पण लोणच्यालासुद्धा काही मर्यादा असते.

या तळघराविषयी गावात आणखी एक वदंता आहे. तिच्यासाठी आधी चौकातला रोलांड बघायला हवा. हा दगडी योद्धा १४०४ पासून तिथे उभा आहे. पुतळा साडेपाच मीटरचा. मागचा खांब आणि डोक्यावरची छत्री धरली तर दहा मीटरच्या वर. आधीचा लाकडी रोलांड १३६६ साली आर्चबिशपच्या माणसांनी जाळला. म्हणून गावकऱ्यांनी हा दगडाचा केला आणि तोंड बरोबर कॅथीड्रलकडे करून ठेवला. सहाशे वर्षं डोळ्याला डोळा. रोलांड उभा आहे तोवर ब्रेमेन स्वतंत्र, अशी श्रद्धा. आणि हा पडलाच तर पंचाईत नको म्हणून तळघरात एक जादा रोलांड ठेवलाय, असं लोक सांगतात. शेजाऱ्यांकडे घराची दुसरी किल्ली ठेवावी, तसा. चौकातल्या रोलांडच्या दोन गुडघ्यांवरच्या अणकुचीदार टोकांमधलं अंतर म्हणजे ब्रेमेनचा एक हात, सुमारे ५५ सेंटिमीटर. कापडवाल्याने मापात मारलं तर गिऱ्हाइकाला थेट देवाच्या गुडघ्यालाच कापड लावून बघता येत होतं. आमच्या तुळशीबागेत अशी सोय असती, तर हिने दर शनिवारी मारुतीऐवजी रोलांडला तेल घातलं असतं.

एव्हाना मला घरच्यासारखं वाटायला लागलं होतं. ग्रामदैवत झालं, आता दानपेटी. चौकातच, विधानसभेच्या इमारतीसमोर जमिनीत एक गोल धातूचं झाकण आहे. त्याच्या फटीत नाणं टाकलं की आतून आवाज येतो: कधी गाढव, कधी कुत्रा, मांजर, कोंबडा. पैसे धर्मादायाला जातात. हिने वीस सेंट टाकले, कोंबडा आरवला. आणखी वीस, मांजर. युरोला रुपये किती याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. “चारही एकदम नाही का ऐकवत?” म्हणाली. हे तिने ज्या सुरात विचारलं, त्या सुरात भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो. झाकण बधलं नाही.

मग मुलगी म्हणाली, “आता थुंकायला जाऊ.”

कॅथीड्रलच्या बाजूच्या फरसबंदीत एक दगड आहे, त्यावर क्रूस कोरलेला. गेशे गॉटफ्रीड नावाच्या बाईने आई, वडील, भाऊ, नवरे, मुलं, मैत्रिणी मिळून पंधरा माणसं आर्सेनिकने मारली. उंदीर मारायला आर्सेनिक घातलेली चरबी मिळायची, तिला ‘उंदराचं लोणी’ म्हणत; तेच ती खाण्यात घालायची. आजाऱ्यांची उशापाशी बसून सेवा इतकी करायची की गाव तिला देवदूत म्हणायचं. १८३१ साली भर चौकात तिचं डोकं उडवलं. ब्रेमेनमधला तो शेवटचा जाहीर देहदंड. तेव्हापासून लोक त्या दगडावर थुंकतात.

लक्षात घ्या, माझं सगळं आयुष्य ‘येथे थुंकू नये’ या पाटीखाली गेलं. जिन्याच्या कोपऱ्यांत देवांच्या टाइल्स बसवण्याचा प्रस्ताव ऑफिसात मीच मांडला होता. आणि आज साठी उलटल्यावर, युरोपात, पोलिसांसमोर, अधिकृतपणे थुंकायची संधी! मी दगडासमोर उभा राहिलो आणि तोंडाला कोरड पडली. काही केल्या थेंब येईना. मागे दोन शाळकरी पोरं थांबली होती. त्यांनी सफाईने आपलं काम केलं आणि निघून गेली. ही म्हणाली, “राहू दे. माणूस सवयीने चांगला झाला की असं होतं.”

राहता राहिलं गाढव. टाउन हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीशी गेरहार्ड मार्क्सने केलेलं ब्राँझचं शिल्प आहे, १९५३ मध्ये बसवलेलं: खाली गाढव, त्यावर कुत्रा, त्यावर मांजर, शेंड्यावर कोंबडा. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतले हे ‘ब्रेमेनचे वादक’. म्हातारे झाले म्हणून मालकांना नकोसे झालेले, ब्रेमेनला जाऊन बँडमध्ये लागू म्हणून निघालेले. खरं तर ते ब्रेमेनला पोचतच नाहीत, वाटेत दरोडेखोरांचं घर बळकावून तिथेच राहतात. न आलेल्यांचा पुतळा, आणि पुण्याहून दोन विमानं बदलून आलेल्याला रांग. आपल्याकडेही शिलाहारांच्या काळात गाढव दगडावर कोरत, पण ते दान मोडणाऱ्याला शिवी म्हणून. त्या शिवीचा तपशील इथे छापता येणार नाही. इथल्या गाढवाचे पुढचे दोन्ही पाय मात्र लोकांच्या हातांनी घासून सोन्यासारखे झालेत.

माझा नंबर आला. डाव्या हातात हिची पर्स होती, म्हणून उजव्या हाताने मी गाढवाचा पाय धरला. मुलीने मोबाइल वर केला. तेवढ्यात रांगेतल्या एका आजीबाई सायकल धरून कडाडल्या, “बाइडे हेंडे!” मला वाटलं, शिवी दिली. मुलगी हसू दाबत म्हणाली, “बाबा, दोन्ही हातांनी धरायचं. एकाच हाताने धरलं तर इथले लोक म्हणतात, दोन गाढवं हस्तांदोलन करतायत.”

मी पर्स परत केली आणि दोन्ही पाय धरले. ब्राँझ उन्हाने कोमट झालं होतं. डोळे मिटले, आणि मागायला काही सुचेना. छत्तीस वर्षांत जेव्हा जेव्हा पाय धरले तेव्हा काहीतरी अडलेलं होतं: बदली, बढती, फरकाची रक्कम. आज पेन्शन सुरू, मुलगी मार्गी, गुडघे ठीक. न अडता पाय धरायची ही पहिलीच वेळ. शेवटी हिच्या गुडघ्यांसाठी मागितलं आणि आजीबाईंना वाट करून दिली.

संध्याकाळी फोटो आमच्या घरच्या ग्रुपवर गेला. मुलीने नेमका पहिला, एका हाताचा पाठवला होता; खाली हिने आजीबाईंचं शास्त्र नीट समजावून लिहिलं होतं. पाच मिनिटांत साताऱ्याहून धाकट्या भावाचं उत्तर आलं:

“यातला ब्रेमेनचा कोणता?”