एकटीच का?

माझ्या एक्सेलच्या तक्त्यात शनिवारी सकाळी ९.१० ते ९.४० ही वेळ ‘शांतता’ या नावाने राखून ठेवलेली होती. तिच्याआधी ‘जिने चढणे (गुडघ्यांसाठी दोन थांबे)’ आणि नंतर ‘नाश्ता’. प्रवासाच्या रकान्याला निळा रंग, खाण्याला पिवळा, शांततेला फिकट हिरवा. बँकेत सत्तावीस वर्षं काढलेली बाई सहलीला निघते तेव्हा आधी ताळेबंद मांडते.

हे सुरू झालं दिवाळीत. मुलगी नोकरीनिमित्त बाहेरगावी असते आणि मनात आलं की एकटी उठून हंपी, पाँडिचेरी असं कुठेकुठे जाऊन येते. फराळ करता करता तिने विचारलं, “आई, तू आयुष्यात एकदा तरी एकटी कुठे गेलीयेस?”

“गेले की. परवाच दळण आणायला.”

ती हसली आणि मला ते लागलं. डिसेंबरातला एक शनिवार-रविवार मी कॅलेंडरवर गोल करून टाकला. एका रात्रीत पोचता यावं आणि गावात एकही नातेवाईक नसावा, एवढ्या दोनच अटी. पहिली सोपी होती. दुसरीत अर्धा महाराष्ट्र गळाला. नाशिकला नणंद, कोल्हापूरला मावससासूबाई, आणि इंदूरला तर नवऱ्याचं अर्धं घराणं. तिथल्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभ्याने काही खाल्लं तरी रात्रीपर्यंत पुण्यात कळेल. उरलं विजापूर. २०१४पासून त्याचं नाव विजयपुरा झालंय, पण आमच्या पिढीला ते चौथीच्या इतिहासातून ठाऊक. तिथल्या दरबारात कुणीतरी विडा उचलायचा आणि आपल्याकडे यायला निघायचा. आपल्याकडून कुणी उगाच, हवापालट म्हणून तिकडे गेल्याचं त्या पुस्तकात तरी नव्हतं.

घरात जाहीर केलं. नवरा म्हणाला, “एकटीच का? मी येऊ?” हे ‘मी येऊ?’ त्याने अशा आवाजात विचारलं की नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडलेला दिसला. सासूबाईंनी विचारलं, “एकटीच? नवसबिवस आहे का काही?” शेजारच्या काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, “एकट्याच?” आणि नजरेने माझ्या संसाराची चौकशी करून घेतली. मी सगळ्यांना एकच उत्तर देत होते, “हो, जरा शांतता हवीये.” त्या शांततेसाठी मी गोल घुमट निवडला होता. बोललेला शब्द जिथे दहा वेळा परत येतो म्हणतात, ती वास्तू. याकडे तेव्हा कुणीही माझं लक्ष वेधलं नाही.

मुंबईहून सोलापूरमार्गे विजापूरकडे जाणारी गाडी पुण्याला मध्यरात्र उलटल्यावर येते. मी शुक्रवारचं आरक्षण केलं. गुरुवारी रात्री चार्ट तयार झाल्याचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा मी नवऱ्याला कौतुकाने म्हटलंसुद्धा, “रेल्वे किती सुधारलीये बघ. एक दिवस आधीच सगळं तयार.”

शुक्रवारी रात्री पावणेबाराला मी पुणे स्टेशनवर हजर. पाठीला सॅक, गळ्यात मानेची उशी, हातात तक्ता. टीसींनी तिकीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“मॅडम, ही गाडी काल रात्रीच गेली.”

“काल गुरुवार होता.”

“गुरुवारी रात्री बारा वाजले की शुक्रवार लागतो, मॅडम.” आणि किंचित दया येऊन, “एकट्याच आहात का?”

मी चेकवरची तारीख चुकली की चेक परत पाठवते. ‘तारीख नीट बघून लिहीत चला’ हे काउंटरच्या अलीकडून मी इतक्या लोकांना ऐकवलंय की त्यातला एखादा त्या क्षणी फलाटावर असता, तर त्याला देव आहे याची खात्री पटली असती.

घरी परत जाणं शक्य होतं. रिक्षाने वीस मिनिटं. पण भाजीचे चार डबे लेबलं लावून फ्रिजमध्ये ठेवून आले होते, सासूबाईंच्या पाया पडले होते, आणि मुलीने तिच्या मैत्रिणींना ‘माझी आई सोलो ट्रिपला चाललीये’ असं सांगून ठेवलं होतं. रिक्षावाल्याला स्वारगेट म्हणाले. सोलापूरची एसटी मिळाली, तीही महिलांच्या अर्ध्या तिकिटात. रात्रीच्या नुकसानीतली तेवढीच वसुली. खिडकीची काच प्रत्येक खड्ड्याला आपोआप उघडत होती आणि मी ती इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ अशी गावोगावी बंद करत गेले.

सोलापूरहून विजापूर साधारण शंभर किलोमीटर. कर्नाटकच्या बसची पाटी कानडीत. मी व्हिडिओ बघून पंधरा दिवस कानडीचा अभ्यास केला होता आणि एक वाक्य अगदी घोटून तयार ठेवलं होतं. कंडक्टरने काही विचारताच ते टाकलं, “ननगे कन्नड बरल्ला.” मला कानडी येत नाही. उच्चार बहुधा फारच चांगला झाला. त्याने खूश होऊन पुढची दोन मिनिटं जे काही सांगितलं ते सगळं कानडीत. मी नुसती मान डोलावत राहिले, तेव्हा तो थांबून म्हणाला, “मग मराठीत बोला की अक्का. माझी मामी मंगळवेढ्याची. एकट्याच का?”

टाकळीच्या पुढे भीमा ओलांडली. मुळा-मुठा पुढे जाऊन भीमेलाच मिळते, म्हणजे माझं अंघोळीचं पाणी माझ्याआधी इथवर पोचलेलं होतं, आणि तेही बिनातक्त्याचं. घड्याळात पाहिलं. ९.१० झाले होते. शांतता सुरू. बसमध्ये कोंबडी होती.

लॉजवरच्या मॅनेजरने विचारलं, “एकट्याच? साहेब मागून येतायत का?” नाही म्हटल्यावर त्याने दोन टॉवेलांतला एक परत आत ठेवला. तिथून गोल घुमटाला गावातल्या बसने निघाले. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट असते. आधार कार्ड दाखवायचं आणि शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं. पुढच्या चारपाच जणींचं बघून मीही ऐटीत कार्ड पुढे केलं. कंडक्टरने पत्ता वाचला. “पुणे?” सगळ्या बायकांनी माना वळवून पुणे कसं असतं ते पाहिलं. सवलत त्यांच्या राज्यातल्या बायकांना. अख्ख्या बसमध्ये पैसे देऊन तिकीट काढणारी बाई मी एकटीच.

पण घुमट समोर आला आणि हे सगळं मागे पडलं. मुहम्मद आदिलशहाची ही कबर. तो १६५६ साली वारला. बाहेरून घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर, आणि आत एकही खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनी खोलीचा हळूहळू गोल करत आणलाय आणि त्यावर हे ओझं ठेवलंय. बांधणारा दाभोळचा याकूत होता असं सांगतात. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं. कोकणातल्या माणसाने घाटावर येऊन एवढं मोठं काही उभं करावं आणि त्याच्या गावात त्यावरून आजवर वाद होऊ नये, याचं मला जास्त नवल वाटलं.

चार कोपऱ्यांना चार मनोरे, आणि जिने त्यांच्या पोटात. पायऱ्या उंच, वळणं अरुंद. गुडघ्यांसाठी ठरवलेले दोन थांबे पहिल्या मजल्यावरच संपले. वर पोचल्यावर घुमटाच्या आतून फिरणारा गोल सज्जा लागतो, व्हिस्परिंग गॅलरी म्हणतात ती. भिंतीला तोंड लावून हळू बोललं की आवाज भिंतीला धरून सरकत जातो आणि पार समोरच्या माणसाला कानात सांगितल्यासारखा ऐकू येतो.

समोरच्या माणसाला.

सॅक खाली ठेवून मी त्या ३७-३८ मीटरच्या पोकळीपलीकडे पाहिलं, तेव्हा कुठे माझ्या नियोजनातली मुख्य त्रुटी माझ्या ध्यानात आली. तक्त्यात मानेच्या उशीला रकाना होता. समोरच्या माणसाला नव्हता.

शिवाय सज्जात सांगोल्याकडच्या एका शाळेची सहल होती. मुलं शिट्ट्या मारत होती, टाळ्या वाजवत होती, एकमेकांची नावं ओरडत होती आणि घुमट ते सगळं व्याजासकट परत करत होता. पाखरं बसलेल्या झाडाखाली उभं राहावं तसा गलका. जरा उसंत मिळाली तशी मी मनाशी म्हटलं, समोर माणूस नसला म्हणून काय झालं, मी आहे की. भिंतीला तोंड लावलं. इतक्या लांब येऊन, दोन बस बदलून, रात्रभर काच बंद करून मी त्या ऐतिहासिक भिंतीला काय म्हटलं? “हॅलो.”

आणि पळाले. अर्धा वळसा म्हणजे साठेक मीटर. आवाज ते अंतर पापणी लवायच्या आत कापतो. मला ओढणी आणि गुडघे सांभाळत जवळजवळ एक मिनिट लागलं. धापा टाकत कान भिंतीला लावला. ‘हॅलो’ येऊन, कुणी नाही असं पाहून, केव्हाच निघून गेला होता. मला वाटलं, कमी पडले. परत गेले, जरा लांबलचक वाक्य बोलले आणि पुन्हा पळाले.

तिसऱ्या फेरीच्या वेळी सज्जातला गलका थांबला होता. सगळी शाळा कठड्याला ओळीने टेकून माझ्याकडे बघत होती. लाल रिबिनींच्या दोन वेण्या घातलेली एक मुलगी पलीकडून मोठ्याने ओरडली, “आजी, पळताय कशाला?”

आजी, आजी, आजी, आजी. मी सातपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. केस परवाच रंगवले होते. बावन्न हे काही आजीचं वय नाही, पण हे सांगायला तोंड उघडलं असतं तर ‘बावन्न’देखील दहा वेळा घुमलं असतं.

मग तिने खूण केली. तुम्ही तिथेच थांबा. आणि भिंतीला तोंड लावलं. मी कान टेकवला. गार दगड, आणि त्यातून कानाशी बसून बोलावं तसा आवाज आला: “आजी, तुम्ही एकट्याच का?”

“हो,” मी भिंतीला म्हणाले.

“भीती नाही वाटत?”

“गाडी चुकली तेव्हा वाटली.”

मध्ये जरा शांत. मग, “आमच्या बाईंना विचारू? बसमध्ये जागा आहे.”

अशा रीतीने माझ्या एकटीच्या सहलीत अठ्ठेचाळीस मुलं आणि तीन शिक्षक सामील झाले. बाई दर ठिकाणी माणसं मोजायच्या आणि शेवटी म्हणायच्या, “आजी धरून एकोणपन्नास.” खानावळीत ज्वारीची कडक रोट्टी, भरलं वांगं आणि शेंगांची चटणी खाल्ली. वाढणाऱ्या मावशींनी बाईंना विचारलं, या शाळेच्या कोण? “सोबत आहेत,” बाई म्हणाल्या. पुढे मुलुख-ए-मैदान तोफ पाहिली. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे ५५ टन, पुढे परांड्याच्या किल्ल्यावर आणि तिथून १६३२मध्ये विजापूरला. ओढायला चारशे बैल आणि दहा हत्ती लागले म्हणतात. त्या मंडळींनी कुठल्या तारखेचं काय ठरवलं होतं कोण जाणे, पण तोफ पोचली.

दुपारी इब्राहिम रोजा. डौल बघायचा तर तो गोल घुमटात नाही, इथे आहे. हे माझं मत, आणि मी ते कुणाशीही वाद घालून सांगेन. दगडातली अक्षरांची जाळी बघायला सगळे आत निघाले, तेव्हा बाई संकोचून म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही नंतर निवांत बघाल ना? तोवर जरा चपलांपाशी बसता का? मागच्या वर्षी दोन जोड गेले.”

बसले. समोर अठ्ठेचाळीस जोड, सॅकवर टेकलेल्या पाण्याच्या बाटल्या, मागे चिंच की कसलंसं झाड. मुलं आत गेली आणि आवाज बंद झाला. कुणी काही विचारत नव्हतं, काही परत ऐकू येत नव्हतं. घड्याळ पाहिलं तर ३.१०. मुलं बाहेर आली ३.४०ला. मी तक्ता काढला, हिरवा रकाना शोधला आणि समोर बरोबरची खूण केली.

तुम्हाला जायचं असेल तर एवढंच सांगते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल, तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढा. आणि सज्जात एखादी बाई भिंतीशी बोलून पळताना दिसली, तर हसा खुशाल, पण समोर जाऊन जरा कान लावा.