भर मैदानात रोबो बंद पाडण्याची सोपी कृती

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन ही १९९२ पासून चालत आलेली, मूळ अमेरिकेतली शाळकरी मुलांची स्पर्धा. पोरं रात्री जागवून यंत्र उभं करतात, सामना मात्र जेमतेम अडीच मिनिटांच्या आसपासचा. एवढ्यात रोबो बंद पाडायचा, तर मोटर जाळणं, प्रोग्रॅम बिघडवणं असली मेहनतीची कामं नवशिक्यांनी करूच नयेत. बॅटरीचे दोन नट पुरेसे आहेत.

बॅटरी १२ व्होल्टची, शिसे-आम्ल जातीची, वजनाला सहा किलोच्या आसपास. उचलायला काहीतरी धरायला हवंच, आणि केबली आयत्याच लोंबत असतात. त्यांना धरूनच उचलत जा. केबलच्या टोकाची थिंबल बोल्टाभोवती गोल फिरायला लागली की पहिला धडा पूर्ण झाला.

नट हातानेच आवळा. फिरेनासा झाला की ‘टाइट आहे’ असं खणखणीत आवाजात जाहीर करा. दातेरी वायसर, नायलॉनवाला नट ही श्रीमंती थेरं. ती नसली की मैदानातल्या धक्क्यांनी नट आपसूक सैल होतो. वर लगेच काळी टेप गुंडाळा, म्हणजे आतलं काही दिसायला नको.

आता थोडं गणित. सैल सांध्याचा रोध ०.०१ ओहम धरू. अगदीच किरकोळ! पण रोबो ढकलाढकलीत उतरला की १०० अँपिअर सहज ओढतो. मग त्या एका सांध्यात १ व्होल्ट गडप होतो आणि तिथेच १०० वॉटची शेगडी पेटते. ताण पडून व्होल्टेज आधीच उतरलेलं असतं, ते ठरावीक मर्यादेच्या खाली गेलं की रोबोरिओ हा नियंत्रक मोटरींची वीज तोडतो. नशीब जोरावर असेल तर धडकेसरशी जोडणी क्षणभर पूर्णच सुटते. रोबोला मैदानाशी जोडणारा रेडिओ विझतो, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत सामन्याचा मोठा तुकडा हातचा गेलेला असतो. दोष खुशाल प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीला द्या. पिटमध्ये, म्हणजे रोबो दुरुस्त करायच्या जागेत, परतल्यावर सगळं व्यवस्थित चालतंच, त्यामुळे तिला खोडून काढता येत नाही.

पान्ह्याच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. १२० अँपिअरचा मुख्य ब्रेकर लागतो तो केबलच्या पुढे. बॅटरीच्या खांबांवर त्याचं संरक्षण नसतं. पान्हा दोन्ही खांबांना एकदम टेकला तर ठिणग्या उडतात, हात भाजतो. म्हणून एका खांबावर काम करताना दुसरा झाकलेला हवा, डोळ्यांवर चष्मा हवा, बोटात अंगठी नको. रोबो बंद पाडायचाय, माणूस नाही.

राहता राहिला बॅटरी रोबोला जोडणारा अँडरसन प्लग. तो अर्धाच खोचा आणि केबल टाय बांधायचा आळस करा.

एवढं करूनही एक धोका उरतो. प्रत्येक पिटात एखादा खडूस मेंटर असतो. तो बोलत काही नाही; दोन बोटांत थिंबल धरून हलवून बघतो, आणि जरा हलली की पान्हा मागतो. सामना संपेपर्यंत त्याला बॅटरीजवळ फिरकू देऊ नका.