साइडपट्टीला दोन तास सुट्टी द्या

गोऱ्या लोकांना साधी गोष्ट साधेपणाने करताच येत नाही. महामार्गावर कोंडी झाली आहे, डाव्या हाताची साइडपट्टी मोकळी पडली आहे, तर घालावी गाडी आणि लागावं वाटेला. एवढ्याशा कामासाठी ब्रिटनने २००६ साली बर्मिंगहॅमजवळच्या एम-४२ महामार्गावर चक्क प्रकल्प राबवला. ठरावीक अंतरावर कमानी, कमानींवर विजेच्या पाट्या, कॅमेरे, आणि ते बघायला नियंत्रण कक्षात पगारी माणसं. गर्दी वाढली की पाटी उजळणार, मग साइडपट्टीवरून जायचं, तेही वेग कमी करून. गर्दी ओसरली, की तांबडी फुली. फुली दिसली की माणसं निमूटपणे आपापल्या लेनमध्ये परत. त्यांना कोणी हाकलतसुद्धा नाही!

नेदरलँड्समध्येही हेच. हिरवा बाण असेल तर जा, तांबडी फुली असेल तर नको. पट्टी खुली करण्याआधी तिथला कर्मचारी कॅमेऱ्यातून बघून घेतो, की वाटेत कोणी बंद पडलेलं नाही ना, काही सांडलेलं नाही ना. आपल्याकडे हे काम आपल्या पुढची गाडी करते, आणि विनामूल्य करते. ती कचकन ब्रेक मारून उजवीकडे घुसली, की समजायचं, पुढे काहीतरी उभं आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटाची तर कमाल आहे. तिथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून कोंडीच्या वेळी साइडपट्टी वापरायची मुभा आहे, पण कोणाला? बसला! वेग ताशी ५६ किलोमीटरच्या वर न्यायचा नाही आणि शेजारच्या तुंबलेल्या गाड्यांपेक्षा २४ किलोमीटरहून जास्त पुढे पळायचं नाही. म्हणजे चाळीस-पन्नास माणसं घेऊन जाणारी बस पुढे आणि एकटा माणूस बसलेली आलिशान गाडी मागे. ही लोकशाही आपल्याला झेपणारी नाही. आपल्या घाटात एसटी मधल्या लेनमध्ये मुकाट उभी असते आणि तिच्या डावीकडून काचेवर 'प्रेस', 'पोलीस' किंवा नुसताच एखादा झेंडा चिकटवलेल्या गाड्या सुळकन निघून जातात. एसटीतली मंडळी खिडकीतून त्यांच्याकडे बघतात. तिकिटाच्या पैशात करमणूकही आली.

शनिवारी सकाळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका ओलांडला, की आपली पद्धत नीट बघायला मिळते. ९४.५ किलोमीटरचा हा सहापदरी रस्ता २००२ साली पूर्ण खुला झाला. सहा पदर कागदावर. अवजड वाहनांनी डाव्या लेनमध्ये राहायचं, हेही कागदावर. घाटाच्या तोंडाशी तिन्ही लेनमध्ये ट्रेलर शेजारी शेजारी चढत असतात. मागे रांग लागते. मिनिटभर सगळे सभ्यपणे थांबतात. मग एक गाडी हळूच डावीकडे सरकते आणि चारही इंडिकेटर लावते. चारही इंडिकेटर लावले की आपल्याकडे कुठल्याही गाडीला अँब्युलन्सचा दर्जा मिळतो. आतमध्ये रुग्ण नसतो, लोणावळ्याचं बुकिंग असतं. तिच्यामागे दुसरी, दुसरीमागे दहावी. पाच मिनिटांत चौथी लेन तयार. सरकारचा एक रुपया खर्च नाही, भूसंपादन नाही, टेंडर नाही.

ही चौथी लेन जाते कुठे, हा प्रश्न विचारायचा नसतो. ती जाते बंद पडलेल्या ट्रकपर्यंत. ट्रकखालून चालकाचे दोन पाय बाहेर आलेले, मागे रस्त्यावर चार धोंडे मांडलेले आणि एका धोंड्यात खोचलेली झाडाची फांदी. ही आपली सिग्नल यंत्रणा. (ट्रक दुरुस्त होऊन जातो, धोंडे तिथेच राहतात, पुढच्याच्या सोयीसाठी.) तिथे पोचलं, की चौथ्या लेनमधला वीर काच खाली करतो, हात बाहेर काढतो आणि आत्ताच ज्यांना मागे टाकलं त्यांनाच म्हणतो, "दादा, जरा जाऊ द्या ना." दादा जाऊ देत नाहीत. दादांनी पुढच्या गाडीच्या बंपरला बंपर लावलेला असतो. कोणीतरी कोणाचा तरी आरसा पाडतो, दोघे उतरतात, आणि मग तिसरी लेनही थांबते.

तिकडे त्या ट्रकसाठी निघालेली क्रेन दोन किलोमीटर मागे उभी. ती यायची कुठून? साइडपट्टीवरून. साइडपट्टी का भरली? कोंडी झाली म्हणून. कोंडी का झाली? क्रेन पोचली नाही म्हणून. हे असं चक्र बसवायला परदेशात सल्लागार नेमावा लागला असता. रुग्ण असलेली खरी अँब्युलन्स अडवली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली दहा हजार रुपये दंड आहे. पण तिला अडवलं कोणी? प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवतो, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं खरंच असतं.

ब्रिटनचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. आधी पट्टी फक्त गर्दीच्या वेळी खुली करायचे. मग बऱ्याच रस्त्यांवर ती कायमचीच चालती लेन करून टाकली. बंद पडलेल्या गाडीसाठी मधूनमधून खाचे ठेवले, पण इंजिन बंद पडताना पुढचा खाचा किती लांब आहे हे विचारत नाही. गाड्या चालत्या लेनमध्ये उभ्या राहिल्या, मागून ट्रक आले, माणसं गेली. त्यांच्या घरच्यांनी आवाज उठवला. २०२० साली सरकारने अर्धवेळ खुली पट्टी हा प्रकारच बंद करायचं ठरवलं, कारण ती कधी खुली आणि कधी बंद याचा चालकांच्या मनात गोंधळ होतो. एप्रिल २०२३मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी असे नवे महामार्ग रद्दच केले. कारण दिलं खर्चाचं आणि लोकांचा विश्वास नसल्याचं.

इथे आपण त्यांच्या कितीतरी पुढे आहोत. पट्टी कधी खुली आणि कधी बंद, याबद्दल मराठी चालकाच्या मनात तिळमात्र गोंधळ नाही.

म्हणून प्रस्तुत स्तंभलेखकाची शासनाला एक नम्र सूचना आहे. परदेशात पट्टी दिवसातून काही वेळ उघडतात. आपण ती काही वेळ बंद ठेवून पाहावी. फार नाही, शनिवारी सकाळी सात ते नऊ. दोन तास पट्टीवर काही नाही. गाडी नाही, पावसाळ्यात धबधब्याकडे पाठ करून सेल्फी घेणारं कुटुंब नाही, चिमुरड्याला 'पटकन करून घे' म्हणत उतरवणारे बाबा नाहीत. लोकांना धक्का बसू नये म्हणून योजना टप्प्याटप्प्याने आणता येईल. पहिल्या महिन्यात एकच किलोमीटर. दुसऱ्या महिन्यात आढावा. रिकामी साइडपट्टी कशी दिसते ते शाळेच्या सहलींना दाखवता येईल. क्रेनवाल्यांना मात्र आधी प्रशिक्षण द्यावं लागेल. समोर मोकळा रस्ता बघून ते बिचारे गोंधळतील.

विरोध होणारच. 'आमच्या हक्काच्या पट्टीवर गदा' असे फलक लागतील. काही संघटना पट्टीवरच ठिय्या मांडतील, म्हणजे पट्टी पुन्हा भरेल. ज्यांच्या गाडीपुढे पायलट असतो त्यांना सूट मिळावी अशीही मागणी येईल, आणि ती मान्य होईल.

उद्घाटन घाटाच्या पायथ्याशीच व्हावं. फीत साइडपट्टीवर आडवी बांधावी, म्हणजे तेवढी तरी दोन तास कोणी ओलांडणार नाही. अडचण एकच आहे. शनिवारी सकाळी त्या कोंडीतून पाहुण्यांचा ताफा वेळेवर मंडपापर्यंत पोचायचा, तर तो आणायचा कुठून? तेव्हा पहिल्या दिवसापुरती पट्टी सुरू ठेवावी लागेल.